माणसं जमण्याआधी हवेची तयारी

बंद खोलीत दहा-पंधरा जण तास-दोन तास बसणार असतील, तर फरशी पुसायच्या आधी हवेचं बघा. शिंकेतले मोठे थेंब, साधारण 100 मायक्रॉनच्या वरचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), काही सेकंदांत खाली पडतात. काळजी आजाराचे जंतू वाहून नेणाऱ्या बारीक कणांची आहे. कवडशात धूळ तरंगताना दिसते ना, तसेच हे कण तरंगतात, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. 5 मायक्रॉनचा कण स्थिर हवेत तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा तास घेतो, 1 मायक्रॉनचा कित्येक तास. हे कण बाहेर पडायला खोकायलाच हवं असंही नाही, बोलणं-गाणं पुरतं. 10 मार्च 2020 रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट काउंटीत 61 जणांनी अडीच तास समूहगानाचा सराव केला. त्यातले 53 जण कोविडचे निश्चित किंवा संभाव्य रुग्ण ठरले, दोघं दगावले.

म्हणून आदल्या दिवशीच खिडक्या उघडून बघा. गंजलेली कडी ऐनवेळी हलत नाही. समोरासमोरच्या दोन उघडता आल्या तर उत्तम. मग कागदाची पातळ पट्टी फटीपाशी धरा: आत झुकली तर हवा येतेय, बाहेर झुकली तर जातेय, लोंबतच राहिली तर दुसरी फट शोधा. एक्झॉस्ट फॅन असेल तर लावा, पण हवा आत यायला दुसरीकडून वाट ठेवा, नाहीतर तो नुसता घरघरतो. छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. भिंतीवरचा स्प्लिट एसीही बहुधा खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. इथेच बहुतेकांची फसगत होते.

खिडकी नसेल तर हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) प्युरिफायर आणा आणि आधी हिशेब करा. ताशी पाच वेळा हवा बदलण्याइतकी स्वच्छ हवा मिळावी, असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी रोगनियंत्रण संस्था 2023 पासून सांगते. 5 मीटर लांब, 4 रुंद, 3 उंच खोली म्हणजे 60 घनमीटर, म्हणजे ताशी 300 घनमीटर. यंत्र त्याहून लहान असेल तर दोन लावा. कार्बन डायऑक्साइडचा मीटर मिळाला तर टेबलावर ठेवा: बाहेर साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) असतं, आत 800 च्या वर चढलं की एकमेकांचाच श्वास परत घेतोय असं समजा. प्युरिफायरने मात्र हा आकडा उतरत नाही, कण तेवढे कमी होतात.

साबण-पाणी ठेवाच. थोडे एन-95 मास्क जास्तीचे ठेवा. नाकावरची पट्टी दाबून बसवली नाही तर कडेने हवा शिरते. वयस्कर आणि आजारातून उठलेल्यांची जागा ताज्या हवेच्या बाजूला. आणि सगळ्यांना आदल्या रात्री आठवणीने निरोप पाठवा: घसा खवखवत असेल, अंग कसकसत असेल तर येऊ नका, फोनवरून सामील व्हा. माझ्या मते या यादीतलं सर्वात मोलाचं काम हेच.

लोक यायच्या पंधरा मिनिटं आधी खिडक्या उघडा, आणि ते गेल्यावर लगेच लावू नका. गोवराचा विषाणू माणूस निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो.