ओली कोलोडियन प्लेट आणि वाळवंटातले खडक: या चुका टाळा

अमेरिकन छायाचित्रकार टिमथी ओ'सलिव्हनने १८७१ साली अ‍ॅरिझोनात वाळूने कोरलेल्या खडकाचा फोटो काढला, तो ओल्या कोलोडियनच्या काचेवर. म्हणजे काचेवर कोलोडियन हा ईथर-अल्कोहोलमधला चिकट द्रव ओतायचा, ती प्लेट सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात, म्हणजे चांदीच्या बाथमध्ये, बुडवायची आणि थर ओला असतानाच फोटो काढून डेव्हलप करायचा. आजही ही पद्धत वाळवंटात नेणाऱ्यांच्या प्लेटा बहुतेकदा एकाच कारणाने वाया जातात: काच कॅमेऱ्यातच वाळते.

कडा सुकू लागल्या की तिथलं सिल्व्हर नायट्रेट दाट होतं आणि डेव्हलप करताना शिंपल्यासारखे डाग उठतात. म्हणून चौकट, फोकस, अ‍ॅपर्चर सगळं आधी पक्कं करा आणि मगच काचेवर कोलोडियन ओता. अंधारा तंबू खडकाच्या अगदी जवळ हवा. चांदीच्या बाथमधून (१०० मिलीला सुमारे ९ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट) प्लेट तीन-चार मिनिटांनी काढा, पुरती निथळू द्या, खालची कड टिपा. होल्डरमध्ये (प्लेट कॅमेऱ्यात नेण्याच्या बंद चौकटीत) काचेच्या मागे ओला टिपकागद ठेवा. निथळलेली कड तंबूत परतेपर्यंत खालीच राहू द्या. होल्डर उलटा झाला तर साचलेलं चांदीचं द्रावण प्लेटभर ओघळतं. उन्हाळ्यात कोलोडियनमध्ये ईथर कमी आणि अल्कोहोल जास्त घ्या, नाहीतर ते ओततानाच घट्ट होऊन लाटा पडतात. ईथरची वाफ जड असते, बंद तंबूत तळाशी साठते. आत ज्योत अजिबात नको.

सगळ्या प्लेटवर करडं धुकं आलं तर डेव्हलपर तापलाय. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळा, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड थोडं वाढवा. शेपटीवाले ठिपके म्हणजे धूळ. बाथ दुधाळ झाला तर पाण्यात क्षार आहेत. बाथसाठी डिस्टिल्ड पाणीच वापरा.

लाइट मीटरवर विसंबू नका. कोलोडियनला निळा आणि अतिनील प्रकाशच दिसतो, तांबडा दगड जवळजवळ काळा पडतो आणि आभाळ कोरं पांढरं. एक्स्पोजर दगडासाठी ठरवा, आधी चाचणी प्लेट काढा. सकाळच्या तिरक्या उन्हात कोरीव रेषा छान उठतात, पण त्यात निळा प्रकाश कमी, म्हणून वेळ वाढवा.

आमच्या मते सर्वांत वाईट चूक म्हणजे खडकाचा पाया चौकटीबाहेर ठेवणं. वाळूची घासणी मुख्यतः जमिनीलगत, साधारण मीटरभर उंचीपर्यंतच होते. वरच्या खळग्यांत बहुधा मीठ आणि दमटपणाचा हात असतो. पाया नसलेल्या फोटोत वाऱ्याचं काम दिसतच नाही. शेजारी मोजपट्टीही ठेवा, जशी ओ'सलिव्हनने १८७३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या इन्स्क्रिप्शन रॉकच्या कोरीव लेखाजवळ ठेवली होती.