हाय-गेन प्रीॲम्प मॉड्यूल्सच्या टोनची तुलना कशी करावी

प्रीॲम्प मॉड्यूल म्हणजे गिटारच्या सिग्नलला टोन आणि डिस्टॉर्शन देणारा, काढून बदलता येणारा ॲम्पचा पुढचा भाग; हाय-गेन म्हणजे भरपूर डिस्टॉर्शन देणारा. नेहमीची तुलना अशी होते: दोन मॉड्यूलं शेजारी लावायची, सगळे नॉब मधोमध ठेवायचे, एक रिफ वाजवायची आणि ‘हे जास्त भारी’ असा निकाल द्यायचा. अशा तुलनेत बहुतेक वेळा जिंकतं ते फक्त मोठ्यानं वाजणारं मॉड्यूल. एखाद्या डेसिबलचा फरक कानाला आवाजाचा फरक म्हणून कळत नाही. तेच मॉड्यूल भरीव आणि जिवंत वाटू लागतं, एवढंच. आवाज आणि गेन आधी सारखे करून घेतले, की उरतो तो खरा फरक.

इथे उदाहरण सिनर्जी या कंपनीचं घेतलं आहे. तिच्या सिन-१ या खोक्यात एक मॉड्यूल बसतं, सिन-२ मध्ये दोन. प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन १२एएक्स७ ट्यूब आणि दोन चॅनल असतात. रँडल कंपनीची जुनी एमटीएस मॉड्यूलंही यात चालतात, कारण दोन्हींच्या मुळाशी ॲम्प-रचनाकार ब्रूस एग्नेटर यांचीच रचना आहे. मॉड्यूल बदलताना पॉवर बंदच हवी. आत ट्यूबचं उच्च व्होल्टेज असतं. अमेरिकेहून कुणी आणून दिलेलं युनिट असेल तर मागच्या पाटीवरचं व्होल्टेज वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नका.

१. एकच वादन, सगळ्यांसाठी

प्रत्येक मॉड्यूलसाठी नव्यानं वाजवलं तर हाताचा जोर बदलतो, आणि हाय-गेनमध्ये तो लगेच ऐकू येतो. म्हणून गिटार थेट ऑडिओ इंटरफेसच्या हाय-झी (गिटारसाठीच्या) इनपुटला लावून कोरा डीआय, म्हणजे ॲम्पशिवायचा सिग्नल, रेकॉर्ड करा. पीक -१२ डेसिबलच्या आसपास ठेवा. दोनेक मिनिटांत एवढं बसवा: जाड ई तारेवर पाम म्यूट (तळहात टेकवून दाबलेला आवाज), पॉवर कॉर्ड, पूर्ण ओपन कॉर्ड, बाराव्या फ्रेटच्या वरची लीड, आणि शेवटी हात तारांवर ठेवून पाच सेकंद शांतता. ओपन कॉर्ड वगळू नका. गेन जास्त झाला की कॉर्डमधला थर्ड (कॉर्ड मेजर की मायनर ते ठरवणारा स्वर) चिखलात जातो, आणि मॉड्यूल किती स्पष्ट आहे ते तिथेच कळतं.

२. रीॲम्पची पातळी जुळवा

रीॲम्प म्हणजे रेकॉर्ड केलेला डीआय रीॲम्प बॉक्समधून मॉड्यूलमध्ये सोडणं. त्याची पातळी जुळवायची ही पायरी बहुतेक जण गाळतात. रीॲम्प बॉक्समधून निघणारा सिग्नल गिटारपेक्षा ६ डेसिबलनं जास्त असेल, तर प्रत्येक मॉड्यूल उगाच जास्त तापलेलं वाटेल. उपाय सोपा आहे. रीॲम्पचं आउटपुट त्याच हाय-झी इनपुटला परत जोडा, इनपुटचा गेन नॉब तसाच ठेवा, आणि मूळ रेकॉर्डिंगइतकाच पीक येईपर्यंत रीॲम्पची पातळी फिरवा. मग त्या नॉबवर टेप चिकटवा.

३. गेन जुळवा, नॉबचा आकडा विसरा

सोल्डानो एसएलओ मॉड्यूलवरचा ५ आणि डीझल व्हीएच४ मॉड्यूलवरचा ५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. डीआय २० डेसिबलनं खाली आणा. एका मॉड्यूलवर कॉर्ड नुकता फुटू लागेल इथवर गेन ठेवा, मग दुसऱ्यावरही तोच बिंदू शोधा. डीआय परत मूळ पातळीला आणला की दोन्ही साधारण सारखे तापलेले असतात.

बास, मिड, ट्रेबल ‘१२ वाजता’ म्हणजे सपाट, हाही गैरसमज आहे. मार्शल घराण्याच्या टोन स्टॅकमध्ये (बास-मिड-ट्रेबलच्या सर्किटमध्ये) मधल्या पट्टीत खळगा पडलेलाच असतो आणि एक नॉब हलवला की बाकीच्या दोघांचा परिणामही सरकतो. प्रत्येक मॉड्यूलला पाच मिनिटं देऊन कानानं जमेल तितकं जवळ आणा आणि नॉबचा फोटो काढून ठेवा.

४. एकच कॅब, मग आवाज

सगळ्यांना एकच आयआर (स्पीकर कॅबच्या आवाजाचा डिजिटल ठसा) लावा. नंतर दुसऱ्या, जरा मंद आयआरवर तोच प्रयोग पुन्हा करा. चकचकीत आयआरवर कर्कश ठरलेलं मॉड्यूल तिथे कधी कधी पहिलं येतं. नॉइज गेट (शांततेतला आवाज कापणारं उपकरण) बंद ठेवा, नाहीतर शांततेतली घरघर कळणार नाही. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घरघर गेली, तर दोष मॉड्यूलचा नव्हता.

आता प्रत्येक मॉड्यूलमधून रेकॉर्ड केलेल्या फाइलींचा एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) मोजून त्या ०.२ डेसिबलच्या आत आणा. पीक जुळवून भागत नाही, कारण जास्त डिस्टॉर्शन असलेला सिग्नल त्याच पीकवर मोठा ऐकू येतो.

५. नावं झाकून ऐका

कुणाकडून तरी फाइलींना क, ख, ग अशी नावं देऊन घ्या. दोन मॉड्यूलं फारच जवळची वाटली तर एबीएक्स चाचणी (झाकलेला तिसरा नमुना पहिल्याचा की दुसऱ्याचा ते ओळखणं) करा: १० पैकी ९ वेळा ओळखता आलं तर फरक खरा धरा, ६ वेळा म्हणजे अंदाज. शेवटची फेरी बास गिटार आणि ड्रम्ससोबत ऐका, कारण एकट्यानं ऐकताना आवडलेला खालचा गुबगुबीतपणा तिथे बास गिटारच्या अंगावर येतो.

ऐकताना लक्ष पाम म्यूटवर ठेवा. डिस्टॉर्शनच्या आधीच्या टप्प्यांत कपलिंग आणि कॅथोड कपॅसिटर किती बास पुढे सोडतात, त्यावर म्यूट घट्ट बसतो की सैल पडतो हे ठरतं. डिस्टॉर्शननंतरच्या बास नॉबनं ते दुरुस्त होत नाही. ट्रेबल थोडा कमी-जास्त असणं मात्र नॉबनं निभावतं. त्यासाठी मॉड्यूल नाकारू नये.

मूळ ॲम्पशी तुलना करत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९८७ मध्ये आलेल्या सोल्डानो एसएलओ-१०० या ॲम्पचा प्रेझेन्स नॉब पॉवर ॲम्पच्या (स्पीकर चालवणाऱ्या भागाच्या) नेगेटिव्ह फीडबॅकमध्ये आहे. ते अंग प्रीॲम्प मॉड्यूलसोबत येत नाही. ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आणि सैल वाटणारं मॉड्यूल बदलण्याआधी त्याच्या आधी, म्हणजे गिटार आणि मॉड्यूलच्या मध्ये, ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावून पाहा: ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. त्याचा क्लिपिंगचा टप्पा साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग वरच्या भागाइतका वाढवत नाही, म्हणून मॉड्यूलमध्ये बास कमी शिरतो आणि म्यूट आवळला जातो. तेवढ्यानं काम झालं, तर नवीन मॉड्यूलचे पैसे वाचले.