कोल्हापुरातून परदेशी शिकायला जायचंय? आधी घरातली फाईल लावा

सप्टेंबरात सुरू होणाऱ्या एमएससाठी, म्हणजे पदव्युत्तर पदवीसाठी, आदल्या वर्षीच्या मे-जूनमध्येच कामाला लागावं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. दिवाळीनंतर जाग आली तर धावपळच होते. आणि सुरुवात कन्सल्टंटच्या ऑफिसातून करू नका, घरच्या कपाटातून करा. अनेक कन्सल्टंटना विद्यापीठांकडून कमिशन मिळतं, त्यामुळे ते सुचवतील ती यादी तुमच्या सोयीची असेलच असं नाही.

दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट शेजारी शेजारी मांडा आणि फक्त नावं वाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, पासपोर्टवर त्याचा रकानाच वेगळा. त्याची काळजी नको. पण एकीकडे वडील ‘आनंदा’ आणि दुसरीकडे ‘आनंदराव’, किंवा स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त, हे आत्ताच दुरुस्त करून घ्या. पासपोर्ट नसेल तर त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही, टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र कोल्हापुरातच आहे.

मग ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत एकत्रित उतारा. शिवाजी विद्यापीठाची पदवी असेल तर अर्ज विद्यापीठाकडे. कॉलेज स्वायत्त असेल तर आधी कॉलेजच्या परीक्षा विभागात चौकशी करा. सीलबंद प्रती दोन-चार जास्तच घ्या.

आयईएल्टीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल 2 वर्षं चालतो, जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेचा 5 वर्षं. जीआरई सगळीकडे लागत नाही, म्हणून आधी विद्यापीठांची यादी करा आणि मग परीक्षेची फी भरा. जर्मनीचा विचार असेल तर एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलेला दाखला, विसरू नका. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे आणि हातात यायला वेळ लागतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात.

एसओपी, म्हणजे ‘मला हेच का शिकायचंय’ हे सांगणारं पत्र, स्वतः लिहा. विकत आणलेल्या मजकुरात सगळ्यांनाच लहानपणापासून यंत्रांची आवड असते. त्यापेक्षा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट केलं असेल तर तेच सांगा: कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, कुठे येत होते, वाळूतला ओलावा कसा मोजला, काय बदलल्यावर रिजेक्शन कमी झालं, आणि कुठला प्रश्न तरीही सुटला नाही. त्या न सुटलेल्या प्रश्नातूनच पुढे काय शिकायचं ते निघतं. शिफारसपत्रही ज्या सरांनी ते काम पाहिलं त्यांच्याकडूनच घ्या, पदाकडे पाहून नको.

पैशाचं गणित सगळ्यात जास्त वेळ खातं. आपल्याकडे ‘काका भरतील, उसाचं बिल येईल, पतसंस्थेत ठेव आहे’ असा हिशोब असतो. घरात तो बरोबरच असतो, व्हिसाच्या फाईलमध्ये चालेलच असं नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी दाखवायची रक्कम सलग 28 दिवस खात्यात राहावी लागते, आणि तेही विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांच्या. काकांचं खातं चालत नाही. जर्मनीसाठी बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं, काढतात. त्यात 2024 पासून वर्षाला 11,904 युरो ठेवावे लागतात. काका मदत करणार असतील तर रक्कम वेळेत वडिलांच्या खात्यात वळवा आणि तिचा कागद ठेवा.

कर्जासाठी बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत. सातबारा घेऊन हेलपाटे मारण्यापेक्षा बिगरशेती प्लॉट, घर किंवा मुदत ठेव यांची कागदपत्रं काढा. जागा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात, त्यामुळे भावकीत बोलणं प्रवेशपत्र यायच्या आधीच व्हायला हवं.

शिष्यवृत्तीही नक्की पाहा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची. 1920 साली डॉ. आंबेडकर अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना मदत केली होती. ज्या गावाला हा वारसा आहे, तिथल्या मुलानं केवळ माहिती नव्हती म्हणून मागे राहू नये. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र जाहिरातीची वाट न पाहता काढून ठेवा.

अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मुंबईत होते. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरून त्याच दिवशी मुलाखत देऊ नका, आदल्या दिवशी पोचा. कोर्स कोणता, हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, याची उत्तरं दोन-तीन वाक्यांत, पाठ न करता देता आली पाहिजेत.

व्हिसा हातात आला की कर्जाची पुढची रक्कम बँक टप्प्याटप्प्यानं कशी सोडणार ते विचारा. तुमच्या सह्या लागणार असतील तर निघण्यापूर्वी आई किंवा वडिलांच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून एक प्रत बँकेत द्या.