एसएसडी 'फ्रोझन' दाखवते, सिक्युअर इरेज होत नाही : माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याचे जुने पीसी विकायचे होते. आत व्यापाऱ्यांची खाती, कामगारांची आधार कार्डं, म्हणून एसएसडी (चिपवाल्या डिस्क) आधी पुसायच्या होत्या.

लक्षण: उबंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणारी उबंटू) एचडीपार्म या डिस्कला आज्ञा देणाऱ्या साधनाने सिक्युअर इरेज, म्हणजे डिस्कने स्वतःच सगळं पुसायची आज्ञा, दिली की एरर. डिस्कची माहिती काढली तर 'सिक्युरिटी'खाली 'फ्रोझन', म्हणजे डिस्क पासवर्ड-इरेजच्या आज्ञा घेतच नाही.

साध्या फॉरमॅटने डेटा पूर्ण जाईलच असं नाही. शून्यं लिहिली तरी एसएसडीच्या राखीव भागात जुना डेटा उरू शकतो. यूएसबी केसमधून आज्ञा डिस्कपर्यंत पोचली नाही. डोकं पार आउट!

कारण असं, की बरेच बायोस (पीसी चालू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) सुरू होतानाच डिस्कला फ्रीझ करतात, कुणी गुपचूप पासवर्ड घालू नये म्हणून. चांगलाच हेतू, पण इथे आडवा येतो.

चाललं ते असं. डिस्क थेट साटा केबलला जोडा. लाइव्ह उबंटू सुरू करून पीसी सस्पेंड करा. शटडाउन किंवा रीस्टार्ट नको. पॉवर बटणाने जागा करा. माहिती पुन्हा काढा, आता 'नॉट फ्रोझन' दिसेल. डिस्कचं नाव 'एलएसबीएलके'ने (डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा) परत तपासा, जागं झाल्यावर ते बदलू शकतं. मग एचडीपार्मच्या 'सिक्युरिटी सेट पास'ने साधा तात्पुरता पासवर्ड लावा, लगेच तोच देऊन 'सिक्युरिटी इरेज' चालवा. मध्येच लाइट गेली तर डिस्क लॉक राहू शकते, म्हणून यूपीएसवरच करा आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. शेवटी 'नॉट एनेबल्ड' दिसलं की झालं.

एनव्हीएमई डिस्कला (साटाऐवजी वेगळ्या पद्धतीने जोडलेली एसएसडी) हे लागू नाही. तिथे एनव्हीएमई-सीएलआय या साधनाची फॉरमॅट आज्ञा, सिक्युअर इरेजचा पर्याय देऊन.