अपग्रेडआधी कॉम्प्युटरची साफसफाई : या चुका टाळा

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरचा कॉम्प्युटर विंडोज ११ वर नेण्याची अनेकांची घाई सुरू झाली. अपग्रेड मध्येच अडकला की राग नव्या विंडोजवर निघतो. पण अडचणीचं मूळ पुष्कळदा आधीच्या आवराआवरीत असतं, विशेषतः कामांच्या क्रमात. आधी बॅकअप, मग तपासणी, आणि साफसफाई सगळ्यात शेवटी, हा क्रम मी कधीच सोडू देणार नाही.

आधी डिलीट, मग बॅकअप

जागा कमी पडते म्हणून आधी फाइल्स उडवायच्या आणि उरलेल्यांचा बॅकअप घ्यायचा, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डिस्क क्लीनअपच्या यादीत विंडोजच्या काही आवृत्त्यांमध्ये 'डाउनलोड्स' फोल्डरही येतो. सगळ्या चौकटींवर सरसकट टिक केली की त्यातली सर्टिफिकिटं, पावत्या, फोटो एकदम जातात, आणि रिसायकल बिनमध्येही सापडत नाहीत.

सी ड्राइव्हवरचं डी ड्राइव्हवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला, असंही समजू नका. घरच्या बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात; डिस्क गेली की दोन्ही जातात. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचं सिंक उपयोगी आहे, पण इथे डिलीट केलेली फाइल तिथूनही हलते, त्यामुळे ती एकमेव प्रत असू नये. वेगळी एक्स्टर्नल डिस्क घ्या, कॉपी करा आणि त्यातल्या चारदोन फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स कॉपी करून लोक थांबतात. आउटलूकच्या पीएसटी फाइल्स (साठवलेले ईमेल), ब्राउझरचे बुकमार्क, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर, वेगळे टाकलेले फाँट हे राहून जातं. सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करणार असाल तर ही यादी कागदावर लिहूनच काढा.

रिकव्हरी की हाताशी नसणं

याबद्दल फार कमी लोक सावध असतात, म्हणून जरा सविस्तर. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. अपग्रेडसाठी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारं कॉम्प्युटरचं मूळ सॉफ्टवेअर) सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षेच्या सोयींची सेटिंग बदलली, किंवा बायोसच अपडेट केलं, की पुढच्या वेळी कॉम्प्युटर बिटलॉकरची (विंडोजचं एन्क्रिप्शन) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा समोर असूनही मिळत नाही आणि कुठलाही दुकानदार तो काढून देऊ शकत नाही. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. आजच लॉगिन करून ती बघा, कागदावर उतरवा. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नका. बायोसला हात लावण्याआधी एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवता येतं, तेही करा.

मशीन चालेल का, हे न बघता सुरुवात

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, टीपीएम २.०, यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत ॲप दोन मिनिटांत सांगतं. टीपीएम नाही असं आलं तरी लगेच हताश होऊ नका. इंटेलच्या मशीनवर पीटीटी आणि एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम या नावाने ते बायोसमध्ये बंद असू शकतं.

जुन्या लेगसी बायोसवर विंडोज टाकलेलं असेल तर मोड एकदम यूईएफआय करू नका, कॉम्प्युटर सुरूच होणार नाही. आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीतून नव्या जीपीटी पद्धतीत बदलावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन आहे. आत्मविश्वास नसेल तर ही एक पायरी जाणकाराकडून करून घ्या.

क्लीनर सॉफ्टवेअरवर भरवसा

'रजिस्ट्रीत शेकडो एरर सापडल्या' असं लाल अक्षरात दाखवणारी ॲप्स टाकू नका. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही; ती साफ करून जागा जवळजवळ मिळतच नाही. उलट चुकीची नोंद उडाली तर चालू प्रोग्राम बंद पडतात. विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सचा विन-एसएक्सएस फोल्डर मोठा दिसतो म्हणून हाताने डिलीट करणंही तितकंच घातक. त्याचा दिसणारा आकार फसवा असतो, कारण त्यातल्या बऱ्याच फाइल्स विंडोजच्या इतर फोल्डरांतही तेवढ्याच गणल्या जातात. सेटिंग्जमधलं स्टोरेज, टेंपररी फाइल्स आणि न वापरलेले प्रोग्राम अनइन्स्टॉल करणं, इतकं पुरतं. सी ड्राइव्हवर २५ ते ३० जीबी मोकळी राहिली की निवांत.

एसएसडी (चिपवर चालणारी डिस्क) असेल तर डीफ्रॅगची, म्हणजे फाइल्सचे विखुरलेले तुकडे जुळवणारी, वेगळी सॉफ्टवेअर चालवू नका. विंडोज तिची काळजी स्वतः घेतं.

तरीही अडकलंच तर

एरर कोड ७००७० ने संपत असेल तर जागा कमी पडली आहे. कोडमध्ये सी१९००१०१ दिसत असेल तर संशय ड्रायव्हरवर (उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) घ्या : प्रिंटर, पेनड्राइव्ह, एक्स्टर्नल डिस्क काढा, कीबोर्ड आणि माऊस एवढंच ठेवा. बाहेरचा अँटिव्हायरस नुसता बंद करून भागत नाही, तो अनइन्स्टॉल करा. अपग्रेड होईपर्यंत विंडोजचा डिफेंडर पुरेसा आहे. ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. एवढं करूनही तीच एरर आली तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिझमचं रिस्टोअर हेल्थ आणि मग एसएफसी स्कॅन ही विंडोजच्या बिघडलेल्या फाइल्स दुरुस्त करणारी साधनं चालवा.

लॅपटॉप चार्जरला लावल्याशिवाय अपग्रेड सुरू करू नका. टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ थांबली आणि डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर वाट बघा, पॉवर बटण दाबू नका.

अपग्रेड झाल्यावर 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर लगेच पुसू नका. काही बिघडलं तर १० दिवसांत जुन्या विंडोजवर परत जाण्याची सोय त्याच्यावरच चालते. त्या मुदतीत प्रिंटर, स्कॅनर, नेहमीचं प्रत्येक सॉफ्टवेअर एकेकदा चालवून बघा.