जंगलयुद्धाचे सिनेमे वही-पेन्सिल घेऊन कसे पाहावेत

१९४३ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून एक जखमी सैनिक मागे पाठवला जाई, तेव्हा त्याच्यामागोमाग १२० आजारी जात. हिवताप, आव, स्क्रब टायफस, कुजलेली कातडी. या मोहिमेवरचा कुठलाही सिनेमा लावा, तो एक जखमी हमखास दिसेल. छातीवर हात दाबून दोन वाक्यं बोलेलही. उरलेले १२० कुठे गेले, हे शोधत सिनेमा पाहायला लागलं की बनावट सिनेमे पहिल्या अर्ध्या तासात उघडे पडतात आणि चांगले दुप्पट चांगले दिसायला लागतात.

त्यासाठी लष्करी अभ्यासाची गरज नाही. एक वही, एक पेन्सिल आणि हेडफोन पुरेत.

आधी वीस मिनिटं नकाशाला

नॉर्मंडी किंवा स्टालिनग्राड डोक्यात आधीच असतं. कोकोडा, लेते, मिचिना ही नावं मात्र रिकामी असतात, म्हणून पडद्यावरचं सगळं हिरवं सारखंच वाटतं आणि तुकडी पुढे चालली आहे की मागे तेही कळत नाही. नकाशा हाताने काढा, मोजमापाची फिकीर नको. त्यावर चारच गोष्टी हव्यात: निघाले कुठून, पोचायचंय कुठे, रसद कोणत्या वाटेने येते आणि महिना कोणता.

महिना सगळ्यांत जास्त विसरला जातो. उत्तर ब्रह्मदेशात मेच्या मध्यापासून पाऊस लागतो, नाल्यांच्या नद्या होतात, विमानातून रसद टाकणं अवघड होतं. मेरिलची अमेरिकन तुकडी सुमारे ३,००० माणसांनिशी फेब्रुवारी १९४४ मध्ये निघाली आणि १७ मे रोजी तिने मिचिनाचा विमानतळ घेतला. शहर पडायला ३ ऑगस्ट उजाडला. म्हणजे सगळ्यांत थकलेली माणसं सगळ्यांत वाईट हवेत लढली. ही एक ओळ वहीत असली की 'मेरिल्स मरॉडर्स' (१९६२) पाहताना म्होरक्या 'अजून थोडं पुढे' म्हणतो, तेव्हा त्या 'थोडं'चं वजन कळतं.

याच सिनेमावर नकाशाचा दुसरा उपयोगही करून पाहा. शादुझुपची लढाई त्यात रेल्वेच्या आवारात, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भुलभुलैयात होते. प्रसंग झकास आहे, पण शादुझुप होतं रस्त्यावर. रेल्वे जाते ती मोगाउंगवरून. दिग्दर्शकाला भिंती हव्या होत्या, जंगलात त्या मिळाल्या नाहीत. पण त्याच लढाईनंतर एक म्हातारी मूठभर भात पुढे करते आणि आडदांड सार्जंट तो खाता खाता रडायला लागतो. तिथे सिनेमा एकदम खरा होतो, कारण त्या माणसांच्या पोटाचा हिशेब आपण ठेवत आलेलो असतो.

वहीतले चार रकाने

माणसं, पाणी-अन्न, काडतुसं, ओझं. जागा बदलली की प्रत्येक रकान्यात एक आकडा किंवा एक शब्द लिहा. सिनेमा थांबवू नका, सारखं थांबवल्याने थकवा तुटतो. आणि या सिनेमांत थकवा हीच कथा असते.

माणसांचा रकाना सोपा वाटतो, पण तोच आधी फसतो. सेक्शन म्हणजे साधारण दहा जण, प्लाटून तीसच्या पुढे, कंपनी शंभराच्या पुढे. फसव्या सिनेमात बारा जणांच्या टोळीतले चौदा मरतात आणि शेवटी पाच उरतात. मोजणी शिकण्यासाठी पिएर शोंदोर्फेरचा फ्रेंच सिनेमा 'तीनशे सतरावी प्लाटून' (१९६५) घ्या. मे १९५४, इंडोचीन. फ्रेंच सैन्यातले चार फ्रेंच आणि ४१ लाओशियन सैनिक एक दूरचं ठाणं सोडून माघार घेतात. त्याच आठवड्यात तिकडे फ्रेंचांचा मोठा तळ दिएन बिएन फू पडतो. दिग्दर्शक स्वतः त्या युद्धात सैन्याचा कॅमेरामन होता आणि दिएन बिएन फूला पकडला गेला होता. छायाचित्रकार राऊल कुतारही इंडोचीनमध्ये काम केलेला. म्हणून इथे माणूस कमी होतो तेव्हा रांग खरंच आखूड होते.

ओझ्याचा रकानाही याच सिनेमात भरावा. एका स्ट्रेचरला एका वेळी चार माणसं लागतात. चढावर, चिखलात ती चार थोड्याच वेळात दमतात, म्हणून बदली चार. त्या आठांच्या बंदुका आणि पाठपिशव्या कुणीतरी उचलायच्याच. दोन जखमी झोळीत असले की प्लाटूनचा निम्मा भाग लढायच्या कामाचा राहत नाही. नवखा लेफ्टनंट जखमींना सोडायला तयार नाही, मुरलेला, हुद्द्याने त्याच्याखालचा अ‍ॅड्ज्युटंट वेग मागतो. संवाद मोजके आहेत, भांडण खरं तर या गणिताचं आहे. ज्या सिनेमात जखमीला खांद्यावर टाकून नायक पळत सुटतो, तिथे या रकान्यात फुली मारा.

पाण्याचं गणित लोकांना उलटं वाटतं: जंगल म्हणजे पाणीच पाणी. पण लढाई टेकडीच्या माथ्यावर होते आणि पाणी दरीत असतं. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या संगशाक इथे ५०वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या हाताखाली आलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची ४/५ पलटण अशाच टेकडीवर अडकली. वर पाण्याचा झरा नाही, काटेरी तार नाही, खाली खडक असल्याने खंदक खोल जाईनात आणि विमानातून टाकलेल्या रसदीचा बराच भाग जपान्यांच्या हद्दीत पडला. २२ ते २६ मार्च असं निभावलं. टेकडीवरचा वेढा दाखवणारा कुठलाही सिनेमा पाहताना या चार गोष्टी विचारा: पाणी कुठून आणतात, तार आहे का, खंदक किती खोल, रसदीच्या छत्र्या (पॅराशूट) कुठे पडल्या. चारांपैकी एकाचंही उत्तर नसेल तर ती टेकडी म्हणजे नुसता रंगमंच.

काडतुसांसाठी बंदूक ओळखता आली पाहिजे. ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीत दहा गोळ्या आणि दर गोळीनंतर बोल्ट ओढावा लागतो. ब्रेन मशीनगनच्या वाकड्या मॅगझिनमध्ये ३० मावतात, पण अडकू नये म्हणून बहुधा २८च भरत. अमेरिकन गॅरंड रायफलीत आठ. आठवी सुटली की क्लिप टिंग करून बाहेर उडते. एनफिल्डवाला बोल्टला हात न लावता सलग गोळ्या झाडताना दिसला तर दोष संकलकाचा, हे लिहून ठेवा.

हा रकाना 'डेंजर क्लोज' (२०१९) मध्ये सगळ्यांत रंगतो. १८ ऑगस्ट १९६६, व्हिएतनाममधलं लाँग तान. ऑस्ट्रेलियन डी कंपनीचे १०८ जण, त्यात तीन न्यूझीलंडचे तोफखान्याचे निरीक्षक, आणि बहुतेक रायफलवाल्यांकडे फक्त ६० गोळ्या, म्हणजे २०ची तीन मॅगझिन. तीन तासांच्या लढाईला हे काहीच नाही. तुफान पावसात दोन हेलिकॉप्टरांनी ब्लँकेटांत गुंडाळलेल्या पेट्या वरून टाकल्या. मागून २४ तोफा ३,००० हून जास्त गोळे टाकत होत्या, म्हणून कंपनी वाचली. १८ जण गेले. ही लढाई रबराच्या मळ्यात झाली, दाट जंगलात नव्हे: झाडं रांगेत, खाली मोकळं, त्यामुळे नजर लांब जाते. तिथल्या लांबवरच्या दृश्यांना म्हणून हरकत घेऊ नका. दाट रानात मात्र दहा-वीस मीटरपलीकडे माणूस दिसत नाही. तिथे शंभर मीटरवरचा शत्रू नीट चौकटीत दिसला की समजा, कॅमेऱ्यासाठी रान छाटलेलं आहे.

दहा मिनिटं डोळे मिटून

मधला एखादा चालण्याचा प्रसंग निवडा आणि फक्त ऐका. जुन्या हॉलिवूडच्या जंगलात, मग ते आफ्रिकेतलं असो की ब्रह्मदेशातलं, एक पक्षी माणसासारखा खदाखदा हसतो. तो कुकाबुरा, ऑस्ट्रेलियाचा. स्टुडिओच्या ध्वनिसंग्रहातून तो जगभर फिरला. ब्रह्मदेशात तो हसला की ध्वनीवाला टेबलावरून उठलाच नाही हे नक्की.

खेचरांचंही तसंच. १९४४ साली शत्रूच्या मागे उतरलेल्या ब्रिटिशांच्या चिंडिट तुकड्यांच्या खेचरांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया केलेली होती, ओरडून ठावठिकाणा कळू नये म्हणून. त्या मोहिमेवरच्या सिनेमात खेचर खिंकाळलं तर पेन्सिल उचला. वायरलेसचा संच त्याच खेचरावर असे; ओल्या दाट झाडीत त्याचा पल्ला घटतो आणि बॅटऱ्या चार्ज कराव्या लागतात. पहिल्या हाकेला मुख्यालय स्वच्छ आवाजात उत्तर देतं तेव्हा कथेतली निम्मी भीती उडून जाते.

पार्श्वसंगीत काय करतं ते 'यस्टर्डेज एनिमी' (१९५९) मध्ये उलट बाजूने कळतं, कारण त्यात ते नाहीच. जंगल उघड उघड स्टुडिओतलं आहे, तरी किडे, पाणी आणि श्वास एवढ्यावर ते आवळत जातं. नंतर डोळे उघडा आणि पाऊस पाहा. धो धो पावसात माणसांच्या ठळक सावल्या पडत असतील तर वर ऊन आहे आणि पाणी नळीचं आहे.

बूट

चेहऱ्यावरचा चिखल रंगभूषाकार पाच मिनिटांत लावतो. बुटांकडे पाहा. कोन इचिकावाचा 'नोबी' (१९५९) फिलिपाइन्समधल्या लेते बेटावरच्या हरलेल्या जपानी सैन्याचा आहे आणि त्यात बुटांचा एक प्रसंग आहे जो दोनदा पाहावा. पावसात चिखलवाटेवर टाकून दिलेला बुटांचा जोड पडलाय. एक सैनिक येतो, आपले काढतो, ते घालतो, आपले तिथेच टाकतो. पुढचा येतो, त्याचे त्याहून वाईट, तो ते घालतो. असं होत होत नायक तामुरा पोचतो तेव्हा उरलेल्या बुटाला तळच नसतो. तो त्यातून आरपार पाहतो आणि अनवाणी निघतो. अख्ख्या सैन्याची रसदव्यवस्था एका मिनिटात कोसळलेली दिसते, एकही संवाद नाही.

याच सिनेमात अन्नाच्या रकान्यात 'मीठ' लिहायची तयारी ठेवा. क्षयाच्या तामुराला तुकडी ठेवून घेत नाही आणि इस्पितळही नाही, कारण त्याच्याजवळ शिधा नाही. पुढे त्याला मीठ सापडतं आणि त्या मिठामुळे वाटेत भेटलेले सैनिक त्याला आपल्यात घेतात. घामात मीठ जातं, ते भरून निघालं नाही की पाय गोळे येऊन थांबतात. इचिकावाने कलावंतांना मुद्दाम कमी खायला दिलं होतं आणि ते गालांवर दिसतं. शेवटाकडे माणसाच्या मांसापर्यंत गोष्ट जाते. जेवणानंतर लगेच लावू नका. याच कथेचा २०१४ सालचा रंगीत सिनेमा वेगळा आहे, जास्त रक्ताळ. साल पाहून निवडा, नाहीतर भलताच लागतो.

क्रम, आवृत्त्या आणि माफीची यादी

आधी 'तीनशे सतरावी प्लाटून', मग 'डेंजर क्लोज', मग 'नोबी'. त्यानंतर 'कोकोडा' (२००६), कमी पैशांत क्वीन्सलँडमध्ये चित्रित झालेला. न्यू गिनीची ती वाट ९६ किलोमीटरची, ओवेन स्टॅन्ली डोंगररांगेवरून जाणारी. १९४२ मध्ये तिथे उतरलेले पहिले ऑस्ट्रेलियन सैनिक खाकी कपड्यांत होते. हिरव्या रानात खाकी पाहून चूक काढू नका, चूक तेव्हाच्या पुरवठा खात्याची. खाकीचं खरं रूप आणि जखमी वाहणारे पापुआचे हमाल पाहायचे तर डेमियन पॅररने तिथे प्रत्यक्ष चित्रित केलेला लघुपट 'कोकोडा फ्रंट लाइन' (१९४२) आधी पाहा. ऑस्ट्रेलियाला पहिलं ऑस्कर त्यानेच मिळवून दिलं. मग कथापटात ते हमाल किती मिनिटं दिसतात ते घड्याळावर मोजा.

डब केलेली आवृत्ती टाळा. डबिंगमध्ये कुजबूज स्पष्ट करतात, किडे पुसले जातात आणि कानांची परीक्षाच होत नाही. उपशीर्षकं चालतील.

स्टुडिओतलं झाड, चुकीचा टँक, भलत्या देशातलं चित्रीकरण, हे सगळं माफ. 'मेरिल्स मरॉडर्स' फिलिपाइन्समध्ये झाला, त्याने काही बिघडलं नाही. माफ करू नये अशी गोष्ट एकच: रसद कुठून आली ते न दाखवणं.

'ऑब्जेक्टिव्ह, बर्मा!' (१९४५) सगळ्यांत शेवटी ठेवा. कॅलिफोर्नियात चित्रित झालेला, १४२ मिनिटांचा. अमेरिकन छत्रीधारी जपानी रडार उडवतात आणि न्यायला आलेलं विमान उतरू शकत नाही म्हणून चालत परततात. चालण्याचा भाग अजूनही दमवतो. वरून टाकलेला शिधा, पुन्हा कूच, पुन्हा शिधा, रकाने छान भरतात. पण ब्रह्मदेशात लढलेल्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्यात सगळ्यांत जास्त सैनिक भारतीय होते आणि हा सिनेमा पाहून ती मोहीम जणू अमेरिकेनेच मारली असं वाटतं. ब्रिटनमध्ये एवढा गदारोळ झाला की तो उतरवावा लागला. १९५२ मध्ये खुलासा जोडून पुन्हा लागला. तो पाहताना वहीत पाचवा रकाना आखा, 'कोण दिसत नाही', आणि संगशाकच्या टेकडीवरची पलटण त्यात पहिल्या ओळीत लिहा.