धुऱ्यावर ट्रॅपडोअर कोळी कसा शोधावा

ट्रॅपडोअर कोळी जमिनीतल्या बिळाच्या तोंडावर उघडझाप होणारं झाकण बसवून आत राहतो. त्याच्या शोधात निघालेले बहुतेक जण भोक बघत फिरतात आणि हात हलवत परततात. दिसलेलं भोक बहुधा खेकड्याचं, रातकिड्याचं किंवा उघड्या बिळातल्या दुसऱ्या एखाद्या कोळ्याचं निघतं. शोधायची ती झाकणाची कड: मातीत उमटलेली केसाएवढी बारीक अर्धगोल रेघ. बाहेर उकरलेल्या मातीचा ढीगही नसतो.

वखर-नांगर फिरणाऱ्या काळ्या वावरात वेळ घालवू नका. ती माती उन्हाळ्यात भेगाळते. पांदणीचा उभा काठ, नाल्याची दरड, वर्षानुवर्षं न खणलेला धुरा (शेताचा बांध) बघा. मुरूममिश्रित घट्ट माती आणि वर थोडं शेवाळ असेल तर उत्तम. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर ते नोव्हेंबर, काम सोपं जातं. काठाचा १० मीटरचा पट्टा ठरवून घ्या, पायापासून छातीपर्यंत सावकाश बघा. टॉर्च समोरून मारला तर काहीच दिसणार नाही. काठाला जवळजवळ टेकवून तिरपा धरा, म्हणजे कडेची सावली पडते. सुटी धूळ मऊ ब्रशने झटका. फुंकर मारू नका, डोळ्यांत माती जाते.

इडिऑप्स प्रकारातल्या कोळ्याचं झाकण जाड, बुचासारखं घट्ट बसणारं असतं. बाहेरून माती-शेवाळ, आतून पांढरं रेशीम आणि एका बाजूला रेशमाचीच बिजागरी. बिजागरीच्या समोरच्या कडेखाली गवताची काडी हलकेच घाला. झाकण आत ओढलं जातंय असं वाटलं तर मादी आतून धरून बसली आहे, तिथेच थांबा. जोर लावला की बिजागरी तुटते आणि बीळ मुंग्यांना, गांधीलमाश्यांना मोकळं होतं. उन्हाळ्यात आतून बंद केलेलं झाकण तर मुळीच उघडू नये. मादी आयुष्यभर सहसा एकाच बिळात राहते. याच कुळातली ऑस्ट्रेलियातली ‘नंबर १६’ ही मादी १९७४ पासून अभ्यासात होती. २०१६ मध्ये तिच्या बिळाचं झाकण भेदलेलं आढळलं, तेव्हा ती ४३ वर्षांची होती. परजीवी गांधीलमाशीने तिला मारलं असावं, असा निष्कर्ष निघाला.

कोळी प्रत्यक्ष बघायचा असेल तर अंधार पडल्यावर लाल उजेडात, दोन हात लांब, न हलता बसा. झाकण जरासं उचललेलं आणि कडेवर पुढच्या पायांची टोकं दिसतील. पाय आपटलात की झाकण बंद, मग बराच वेळ काही नाही.

नोंदीत झाकणाची रुंदी मिलिमीटरमध्ये, काठाची दिशा, जमिनीपासूनची उंची आणि पट्टी ठेवून काढलेला फोटो हवा. खुणेचा खिळा बिळापासून वीतभर बाजूला ठोका, वर नको; माती सुटते. फोटोवरून जात ठरवण्याचा मोह आवरा. त्यासाठी सहसा प्रौढ नर तपासावा लागतो, आणि नर पावसाळ्यात भटकताना सापडतात. तोवर ‘इडिऑप्ससारखा’ एवढंच लिहा. कोळी हातात घेऊ नका, दात मोठे असतात. मेळघाट-ताडोब्यासारख्या जंगलात हे काम वनखात्याच्या परवानगीशिवाय करायचं नाही.